कर्क्युमिन कॅप्सूल: ९५ टक्क्यांचा अर्क आणि कॅन्सरचा दावा

हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या बाटलीचे नाही. औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन एकाच साच्यातून काढल्यासारखा जो माल मिळतो, त्याचे आहे: ६० कॅप्सूल, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, त्यावर ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ (हळदीतली पिवळी द्रव्ये) असा शिक्का आणि सोबत ५ मिलिग्रॅम मिऱ्याचा अर्क. गुडघेदुखीसाठी ही कॅप्सूल घेणारे बरेच असतात. तिथे थोडाफार पुरावा आहे, पण तो विषय वेगळा. घरात कॅन्सरचा रुग्ण आहे, कुणीतरी मोबाइलवर शोधनिबंधाची लिंक पाठवली आहे आणि ‘हळदच तर आहे, घेऊन बघायला काय हरकत’ म्हणून बाटली मागवली आहे, अशांसाठी हे लिहिले आहे.

निकाल आधीच सांगतो. अर्क म्हणून चांगल्या उत्पादकाचा माल ठीक असतो. कॅन्सरवरचा उपाय म्हणून पाचपैकी शून्य. केमो किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असताना न सांगता घेतली, तर हिशेब शून्याच्याही खाली जातो. आता कारणे.

लेबलपासून सुरुवात करू, कारण निम्मी फसगत तिथेच होते. ‘हळद अर्क ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ असे लिहिले असेल, तर एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम पिवळा माल आहे. त्यात मुख्य कर्क्युमिन साधारण तीन चतुर्थांश असते, उरलेले त्याचे दोन भाऊबंद. पण ‘हळद ४५० मिलिग्रॅम + हळद अर्क ५० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल, तर गणित पार बदलते. नुसत्या दळलेल्या हळदीत कर्क्युमिन सरासरी ३ टक्के. म्हणजे ४५० मिलिग्रॅमचे साडेतेरा, ५० चे साडेसत्तेचाळीस, एकूण ६१ मिलिग्रॅम. बाटली तेवढीच, रंग तोच, पण माल आठवा हिस्सा. आणि नुसतेच ‘हळद ५०० मिलिग्रॅम’ असेल, तर १५ मिलिग्रॅमसाठी पैसे मोजताय. तेवढे कर्क्युमिन स्वयंपाकाच्या डब्यातल्या चिमूटभर हळदीत मिळते. भाव पाहताना बाटलीची किंमत पाहू नका. किंमत भागिले कॅप्सूलची संख्या, भागिले प्रत्येकीतले कर्क्युमिनॉइड्सचे मिलिग्रॅम, असा भागाकार करा. स्वस्त वाटणारी बाटली बऱ्याचदा सगळ्यात महाग निघते.

‘कॅन्सर’ हा शब्द लेबलवर सापडणार नाही. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या परिशिष्टात कॅन्सर आहे. तो बरा होतो अशी जाहिरात करणे गुन्हा आहे. म्हणून बाटलीवर ‘पेशींचे आरोग्य’, ‘अँटिऑक्सिडंट सपोर्ट’ असली भाषा येते. ताकाला जाऊन भांडे लपवायचे, दुसरे काय. त्याच बाटलीच्या मागे बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही छापलेले असते, कारण हा माल एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर अन्नपूरक म्हणून विकला जातो. तो १४ आकडी परवाना क्रमांक आहे की नाही हे पाहावेच. पण तो क्रमांक म्हणजे परिणामाची हमी नव्हे. ते अन्न तयार करण्याचे लायसन्स आहे.

कॅप्सूल उघडून आतला माल पाहिला, तर या रेणूचा सगळा स्वभाव दहा मिनिटांत कळतो. पूड पाण्यात टाका. ती वर तरंगते, पेल्याच्या कडेला चिकटते, पाणी जेमतेम पिवळट होते. तीच पूड सॅनिटायझरच्या स्पिरिटमध्ये टाका, लगेच गडद नारिंगी-पिवळी विरघळते. कोमट तेलातही बऱ्यापैकी उतरते. म्हणजे पाण्याशी वैर, तेलाशी मैत्री. आता स्पिरिटमधल्या त्या द्रावात चुन्याच्या निवळीचे दोन थेंब घाला: रक्तासारखा लाल रंग. हळद-चुन्याचे कुंकू याच गुणावर होते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तोही यामुळेच. आणि तो डाग उन्हात वाळवला की नाहीसा होतो, कारण कर्क्युमिन उजेडात तुटते. अल्कलीतही तुटते. आपल्या रक्ताच्या पीएचला, म्हणजे ७.२ ते ७.४ ला, साध्या द्रावणात ठेवले तर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडते. पाण्यात विरघळत नाही, विरघळलेच तर टिकत नाही. औषध म्हणून रेणू निवडायला बसलेला कुठलाही रसायनतज्ज्ञ असा उमेदवार पहिल्या फेरीतच बाद करेल.

मग इतके शोधनिबंध आले कुठून? सुरुवात आपल्याच देशातली आहे. १९८५ मध्ये केरळमधल्या त्रिशूरच्या अमला कॅन्सर हॉस्पिटलच्या गटाने हळदीच्या संभाव्य कॅन्सरविरोधी गुणांवर निबंध छापला. १९८७ मध्ये त्याच गटाने बाहेर फुटलेल्या गाठींवर हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचे मलम लावून पाहिले. रुग्ण ६२. दुर्गंधी ९० टक्के जणांत कमी झाली, खाज जवळपास सगळ्यांची. गाठ लहान होणे मात्र १० टक्क्यांत. ते काम प्रामाणिक होते आणि आकडेही प्रामाणिक होते. जखमेची घाण कमी होणे ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. पण ‘कॅन्सर बरा होतो’ असे ते म्हणत नव्हते.

पुढे प्रयोगशाळांत पूर आला. स्तन, आतडे, स्वादुपिंड, प्रोस्टेट, फुप्फुस, गर्भाशयमुख, तोंड, रक्त: ज्या कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवता येतात, त्या जवळपास प्रत्येकीवर कर्क्युमिन टाकून झाले आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पेशी मेल्या. ‘अनेक प्रकारच्या कॅन्सरवर प्रभावी’ हे वाक्य तिथून येते. इथे जाणकाराला आनंद नव्हे, शंका यायला हवी. वेगवेगळ्या कुलुपांना एकच किल्ली लागते, तेव्हा बहुधा ती किल्ली नसून पहार असते. कर्क्युमिन बऱ्याच प्रथिनांना सरसकट चिकटते, धातूचे आयन पकडते, पेशीच्या आवरणात घुसून ते ढिले करते. शिवाय ते स्वतः गडद पिवळे आणि चमकणारे. रंग किंवा चमक मोजून निष्कर्ष काढणाऱ्या चाचण्यांत त्याचा स्वतःचाच रंग आकड्यांत मिसळतो. २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत अमेरिकन रसायनतज्ज्ञांनी हा सगळा पसारा तपासला. १२० हून जास्त क्लिनिकल चाचण्या झाल्या असूनही, प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना करणारी एकही दुहेरी-अंध, म्हणजे कुणाला काय दिले हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसलेली, चाचणी यशस्वी म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या क्षेत्राची आणखी एक दुखरी बाजू आहे. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर केंद्रात काम केलेले भरत अग्रवाल हे कर्क्युमिनवर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या संशोधकांपैकी एक. २०१६ मध्ये बायोकेमिकल फार्माकॉलॉजी या एकाच नियतकालिकाने त्यांच्या गटाचे ७ निबंध माहितीच्या विश्वासार्हतेच्या कारणावरून एकदम मागे घेतले. नंतर इतर ठिकाणचेही मागे घेतले गेले. दुकानदार दाखवतो ती ‘संशोधनाची यादी’ जुनी असेल, तर प्रत्येक निबंध अजून उभा आहे का, हे आधी पाहावे लागते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या संकेतस्थळावर मागे घेतलेल्या निबंधाच्या पानावर तशी ठळक सूचना असते. दोन मिनिटांचे काम आहे.

जाता जाता, हळदीच्या पेटंटचे. ‘अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले, म्हणजे कॅन्सरवर चालते’ असा मजकूर दर पावसाळ्यात नव्याने उगवतो. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला मिळालेले ते पेटंट जखम भरण्याबद्दल होते. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने ते लढवून १९९७ मध्ये रद्द करून घेतले, कारण हळद जखमेवर लावणे इथे जुनेच आहे. कॅन्सरचा त्यात संबंध नव्हता.

आता मूळ मुद्दा: बशीतले प्रमाण आणि रक्तातले प्रमाण. पेशींवरच्या प्रयोगांत साधारण ५ ते ५० मायक्रोमोलर (द्रवात रेणू किती, याचे माप) कर्क्युमिन वापरतात. तैवानमध्ये २००१ साली २५ जणांवर जी चाचणी झाली, तिच्यात रोज ८ ग्रॅम दिल्यावर रक्तातली कमाल पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर होती, तीही तास-दोन तासांसाठी. ४ ग्रॅमला ती अर्ध्या मायक्रोमोलरवर होती. १२ ग्रॅम देता आले नाहीत, कारण एवढ्या गोळ्या गिळायला लोक तयार होईनात. ८ ग्रॅम म्हणजे आपल्या बाटलीतल्या १७ कॅप्सूल. ६० ची बाटली साडेतीन दिवसांत संपेल. लेबलवर मात्र ‘रोज १ किंवा २’ लिहिलेले असते. दर्या में खसखस.

‘म्हणून तर मिऱ्याचा अर्क घातलाय’, असे इथे विक्रेता सांगतो, आणि २००० टक्के हा आकडा पुढे करतो. आकडा खरा आहे. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिले आणि शोषण २० पट झाले. पण कशाच्या २० पट? नुसते कर्क्युमिन दिल्यावर रक्तात जे सापडले, ते जवळपास न मोजण्याइतके होते. पायपरिनसह ते पाऊण तासात मिलिलिटरला ०.१८ मायक्रोग्रॅमवर गेले. रेणुभार ३६८ धरून भागाकार केला, तर हे अर्धा मायक्रोमोलर होते. बशीतल्या सगळ्यात कमी मात्रेचा दहावा हिस्सा, आणि तोही थोडाच वेळ. नव्या तंत्राच्या कॅप्सूलवर ‘२९ पट’, ‘१८५ पट’ असे आकडे येतात. त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत रक्ताच्या नमुन्यात एन्झाइम घालून, यकृताने बांधून निकामी केलेले कर्क्युमिनही मोकळे करून मोजलेले असते. शरीरात ते बांधलेलेच फिरते.

एक जागा मात्र अशी आहे जिथे ते पोचते: आतडे. शोषले जात नाही म्हणजे ते आतड्यातच राहते. म्हणून सगळ्या कॅन्सरच्या यादीत मोठ्या आतड्याकडेच गंभीरपणे पाहण्यासारखे होते. २००६ मध्ये, आतड्यात शेकडो पॉलिप (गाठीसारखे कोंब) होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या ५ रुग्णांना कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन हे आणखी एक वनस्पतिजन्य द्रव्य सहा महिने दिले. पॉलिपची संख्या ६० टक्क्यांनी घटली. बातम्या झाल्या. २०१८ मध्ये त्याच आजारावर ४४ रुग्णांत, रोज ३ ग्रॅम, बारा महिने, प्लासिबोशी तुलना करून नीट चाचणी झाली. फरक नाही. रेडिएशनने भाजणाऱ्या त्वचेबाबतही तसेच झाले. आधी ३० जणींत रोज ६ ग्रॅमने फायदा दिसला, मग ६८६ जणींच्या मोठ्या चाचणीत दिसला नाही.  आणि बाटलीवरची मात्रा या चाचण्यांतल्या मात्रेहूनही कमी आहे, हे विसरू नये.

स्वादुपिंडाच्या २००८ च्या चाचणीत २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम दिले. मोजता आले २१. त्यांतल्या एकाचा आजार दीड वर्षाहून जास्त स्थिर राहिला, एकाची गाठ ७३ टक्के लहान होऊन लवकरच परत वाढली. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधासोबत ६ ग्रॅमची तुलनात्मक चाचणी फ्रान्समध्ये झाली. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून ती मध्येच थांबवली गेली.

आशेचा भागही सांगायला हवा, नाहीतर परीक्षण एकतर्फी होईल. इंग्लंडमध्ये पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या २८ रुग्णांत फॉलफॉक्स केमोसोबत रोज २ ग्रॅम दिले. कर्क्युमिनच्या गटाचे आयुष्य लांबलेले दिसले. पण २८ हा आकडा निष्कर्षासाठी नाही, पुढच्या मोठ्या चाचणीसाठी आहे. आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जवळचा अभ्यास तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचा, म्हणजे ल्युकोप्लाकियाचा. तंबाखू-गुटख्यामुळे तो इथे घरोघरी दिसतो. भारतातल्या २२३ रुग्णांना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम किंवा प्लासिबो दिले. चट्टा लहान होणे ६७.५ टक्के विरुद्ध ५५.३ टक्के. फरक आहे. मात्र तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या स्थितीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. आणि प्लासिबोच्या गटातही निम्म्याहून जास्त चट्टे सुधारले, हे तितकेच बोलके आहे. चट्टा असेल तर तंबाखू सोडा, बायोप्सी करा. कॅप्सूल घेऊन तीन महिने थांबून पाहणे हा यातला सगळ्यात महाग पर्याय.

आता तोटे. इथे मिऱ्याचाच भाग जास्त त्रासदायक आहे. पायपरिन यकृतातली आणि आतड्यातली औषधे मोडणारी यंत्रणा अडवते; कर्क्युमिन त्यामुळेच वाढते. पण ती यंत्रणा कर्क्युमिनपुरती नाही. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पायपरिनने वाढल्याचे माणसांतल्या अभ्यासांत दिसले आहे. डोसेटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल, इमॅटिनिब ही कॅन्सरची औषधेही त्याच वाटेने मोडतात. टॅमॉक्सिफेनचे उलटे होते. ते शरीरात एंडॉक्सिफेनमध्ये बदलते तेव्हाच खरे काम करते. नेदरलँड्समधल्या इरास्मस केंद्राने २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना टॅमॉक्सिफेनसोबत रोज तीन वेळा १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि १० मिलिग्रॅम पायपरिन दिले. एंडॉक्सिफेन १२.४ टक्क्यांनी घटले, पायपरिनशिवाय ७.७ टक्क्यांनी. पाच किंवा दहा वर्षे निष्ठेने रोज गोळी घेणाऱ्या बाईच्या औषधाची धार अशी न कळत कमी होते, आणि हे तिला कुठल्याही लक्षणावरून कळणार नाही. सायक्लोफॉस्फामाइडचा परिणाम कर्क्युमिनने कमी झाल्याचे उंदरांत २००२ पासून माहीत आहे.

यकृताचे वेगळेच. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजा नेटवर्कने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे झालेल्या १० केसेस मांडल्या. ८ बायका, ५ जण रुग्णालयात भरती, १ मृत्यू. दहापैकी ७ जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी ३ मध्ये पायपरिन होते, म्हणजे दोष फक्त मिऱ्याचा नाही. स्वयंपाकाच्या हळदीने असे होत नाही. हा त्रास अर्काच्या मात्रेचा आहे. भूक मेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि लिव्हर फंक्शन टेस्ट. केमोमुळेही एन्झाइम वाढतात. डॉक्टरला कॅप्सूलची माहिती नसेल, तर तो दोष केमोच्या औषधावर टाकून उपचाराचा डोस कमी करेल. नुकसान दुहेरी.

वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि रक्तात लोह कमी असणाऱ्यांनी हा अर्क टाळावा. कर्क्युमिन लोह पकडते. ऑपरेशन ठरले असेल तर साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

एवढे वाचूनही, कॅन्सर सोडून दुसऱ्या कारणासाठी घ्यायचीच असेल, तर बॅचचा विश्लेषण अहवाल मागा. त्यात कर्क्युमिनॉइड्स एचपीएलसीने (घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेत की नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरने, हे पाहा. दुसरे यंत्र पिवळे दिसेल ते मोजते. एचपीएलसीत तीन शिखरे हवीत: कर्क्युमिन आणि त्याचे दोन भाऊबंद. एकच टोकदार शिखर आले, तर माल हळदीतून काढलेला नसून व्हॅनिलिनपासून कारखान्यात बनवलेला असण्याची शक्यता दाट. अहवालात शिसे आणि उरलेले द्रावक यांच्या ओळी रिकाम्या नकोत. हळद चमकवायला काहीजण लेड क्रोमेट हा शिसे असलेला रंग वापरतात आणि अर्क काढताना शिसे मागे राहू शकते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला त्याआधी भौगोलिक मानांकन मिळाले, ते हळकुंडासाठी आहे. कॅप्सूलवर ‘सांगलीची हळद’ लिहिल्याने आतल्या अर्काची शुद्धता सिद्ध होत नाही.

सलाईनमधून कर्क्युमिन देतो असे कुणी म्हटले, तर उठून बाहेर पडा. आर्मेनियात १५० स्तनकॅन्सर रुग्णांवर नियंत्रित चाचणीत ते दिले गेले, हे खरे. पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका ३० वर्षांच्या महिलेच्या मृत्यूची चौकशी केली, तेव्हा तिला दिलेल्या इमल्शनमध्ये लेबलवर होते त्याच्या जेमतेम २.३ टक्के कर्क्युमिन निघाले. द्रावकात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते.

बाटली घरात आलीच असेल, तर पुढच्या ओपीडीला ती फाइलसोबत न्या. नुसते नाव सांगू नका, बाटलीच टेबलावर ठेवा. मिऱ्याचा अर्क किती हे मागच्या बाजूलाच छापलेले असते. काही त्रास झाला असेल तर फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवा. बॅच क्रमांक विचारतील, म्हणून रिकामी बाटलीही लगेच फेकू नका.